बोमा की मोपा?

चढावर वारा एकदम उलटा फिरला आणि आयल्साच्या हातातल्या खोक्याचं झाकण उडालं.

झाकणाचं काही नव्हतं. पण त्यापाठोपाठ परग्रहावरचे सहा मल्ल, त्यांच्या ढाली, गदा, विषारी नख्या, असे सगळे मिळून सदतीस पत्ते हवेत उठले, क्षणभर तिथेच रेंगाळले आणि मग निवांतपणे रस्त्याभर पसरले. त्याच वेळी खालून आठ नंबरची बस चढ चढत येत होती.

बस थांबली. तिथे थांबा नव्हता, तरी थांबली. दार उघडून ड्रायव्हर खाली उतरला. उंच, कुरळ्या केसांचा, हिवाळ्यातही बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला.

"हलू नका," तो म्हणाला. "तुमच्या बुटाखाली एकजण आहे."

आयल्सानं बूट उचलला. खाली आठ पायांचा ऊरू होता.

"अरेरे. मेला का हा?"

"मल्ल आहे तो," आयल्सा म्हणाली. "त्याला सवय असते."

तो हसला, आणि चक्क गटाराच्या कडेला गुडघ्यावर बसून पत्ते गोळा करू लागला. बसची एक खिडकी सरकली. आतून एका म्हातारीचं डोकं बाहेर आलं.

"अनारू! माझी डॉक्टरकडची वेळ साडेदहाची आहे!"

"मिसेस इम्री, डॉक्टर तुम्हाला घाबरतो. तो थांबेल."

"मी पण घाबरवू शकते हं तुला!"

"ते तर तुम्ही रोजच करता."

पत्ते गोळा झाले. "वरच चाललाय ना? मग बसा," तो आयल्साला म्हणाला. "नाहीतर पुढच्या वळणावर उरलेलेही देशोधडीला लागतील."

आयल्सा शेवटच्या बाकावर बसली आणि पत्ते मोजू लागली. मोजणं हे तिचं पोटापाण्याचं काम. डनीडनच्या बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत ओल्या कागदावर गवताच्या चारशे बिया मांडायच्या आणि ठरल्या दिवशी कोंब मोजायचे, असं ती सहा वर्षं करत होती. बोलून मोजलं तर शेजारच्या टेबलावरचा आकडा चुकतो, म्हणून तिथे सगळे मनातच मोजतात. तिनंही मनातच मोजलं.

"छत्तीस?" पुढून आवाज आला. ड्रायव्हरची नजर वरच्या आरशात होती. "किती असायला हवे होते?"

"सदतीस," ती म्हणाली. आणि मग गोंधळली. मी मोठ्यानं मोजत होते की काय?

उतरताना तिनं आभार मानले. त्यानं खोक्यावर चिकटवलेला कागद वाचला: 'आखाडा. रविवारी दुपारी दोनला, ग्रंथालयामागची खोली. या, खेळून बघा, शिव्या द्या.'

"शिव्या कुठल्याही चालतील का?"

"खेळाला द्यायच्या. मला नाही."

"मग बघतो... तुम्हाला काय देता येईल ते."

दार बंद झालं. बस गेली. आयल्सा प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून, त्यानं नक्की काय म्हटलं, याचा बराच वेळ विचार करत राहिली. उत्तर मिळालं नाही. तिला उत्तर न मिळणं फारसं सहन होत नसे.

रविवारी दोनला पाच मिनिटं कमी असताना तो हजर. एका हातात गरम चीज रोलची पिशवी, दुसऱ्यात सदतिसावा पत्ता. पत्त्यावर टायरची नक्षी उमटली होती.

"मागच्या चाकात अडकला होता. मी अनारू. शिव्या कुठे द्यायच्या?"

खोलीत तीन माणसं होती. मर्विन, शाळेतून निवृत्त झालेला गणिताचा मास्तर, या रविवारच्या मंडळाचा स्वयंघोषित कायदेपंडित. त्याची बायको डॉरिन, जी खेळता खेळता मोजे विणायची. आणि आयल्साची मैत्रीण पेट्रा, जी रुग्णालयात परिचारिका होती आणि जिभेला टाके घालणारं कुणी तिला अजून भेटलं नव्हतं.

"आयल्सा," पेट्रा पुटपुटली, "तू तर म्हणाली होतीस, बसमधला कुणीतरी. हा कुणीतरी आहे होय?"

भिंतीवर मर्विनच्या मोत्यासारख्या अक्षरात एक पाटी होती: 'ज्याचा खेळ, त्याचं तोंड बंद, हात लांब.' मंडळाचा हा एकच कायदा. कुणी नवा खेळ रचला, की इतरांनी तो खेळायचा आणि रचणाऱ्यानं भिंतीशी वही घेऊन उभं राहायचं. खेळणारे नियम उलटे वाचोत, पत्ते पालथे धरोत, शेवटचा पत्ता पडेपर्यंत त्यानं चकार शब्द काढायचा नाही. कारण उद्या खेळ दुकानात गेला, तर खोक्यातून रचणारा थोडाच बाहेर येणार आहे समजवायला!

आयल्सा तोंड बंद ठेवायची, पण हात लांब ठेवणं तिला जमत नव्हतं. आखाडा पाच जणांचा खेळ आणि माणसं भरायची नाहीत. म्हणून एक जागा ती स्वतः घ्यायची. "तात्पुरतं," असं तिनं मर्विनला सांगितलं होतं. त्याला आता वर्ष झालं होतं.

खेळ सोपा होता. टेबलावर सहा मल्ल: ऊरू, आझा, फेव, लीली, बोमा आणि मोपा. प्रत्येकानं एक गुप्त पत्ता उचलायचा. त्यावर ज्याचं नाव, तो मल्ल आपला. मग पाळीपाळीनं कुणीही कुणाही मल्लावर वार करायचा किंवा त्याला ढाल द्यायची. शेवटी ज्याचा मल्ल उभा, तो जिंकला. मात्र आपला मल्ल कोणता हे कुणी ओळखलं, तर तो बाद. म्हणजे ज्याच्यावर जीव, त्याला उघड जपायचं नाही. अधूनमधून त्याच्यावरच एखादी गदा हाणायची, सगळ्यांच्या देखत.

"वाईट आहे हे," अनारू म्हणाला.

"नियम सात आहे," आयल्सा म्हणाली, आणि मर्विननं पेन्सिल आपटली, कारण ती बोलली होती.

अनारू त्या दिवशी तिन्ही डाव हरला. पुढच्या रविवारी चारही. त्याच्या पुढच्यालाही. इतकं सातत्यानं हरणं खरं तर अवघड असतं. डाव संपल्यावर प्रत्येकानं एक कागद भरून द्यायचा असे. 'खेळात काय बदलाल?' या प्रश्नापुढे मर्विन दोन पानं लिहायचा. अनारूनं एकदा लिहिलं, 'काही नाही.' दुसऱ्यांदा लिहिलं, 'रचणारीनं जरा कमी काळजी करावी.' तिसऱ्यांदा, 'निळा स्वेटर.'

"निळा स्वेटर म्हणजे?" आयल्सानं विचारलं.

"मागच्या वेळी घातला होतास ना. तो बदलू नकोस."

"प्रश्न खेळाबद्दल होता."

"हो का?" तो अगदी निरागसपणे म्हणाला. "मला नियम सातच अजून नीट कळलेला नाही बघ. बुधवारी शेवटच्या थांब्यावर माझी बस सात मिनिटं उभी असते. समजावशील?"

आयल्सानं समजावलं. नियम सात तिनं त्याच्यासाठी नव्यानं लिहिला. पुढच्या बुधवारी आणखी सोपा केला. त्याच्या पुढच्या बुधवारी चित्र काढून नेलं. टेकडीच्या माथ्यावर, रिकाम्या बसच्या पायरीवर ती दोघं बसायची. खाली बंदराचं करडं पाणी, मध्ये थर्मासमधला चहा. एकाच झाकणातून आळीपाळीनं प्यायचा, कारण तो दुसरा कप दर वेळी विसरायचा. सात मिनिटांतली दोन नियमाची असत. उरलेल्या पाचांचा हिशेब तिला लागत नसे.

एकदा तो त्याच्या बहिणीबद्दल बोलला. हाना जन्मापासून ऐकू न येणारी. "आमच्या घरात सगळे हातांनी बोलतात. आजी तर भांडतेसुद्धा हातांनी, लांब राहावं लागतं. हानाला एखादी गोष्ट आवडली ना, की ती टेबलावर अशी दोनदा टकटक करते." त्यानं बसच्या पत्र्यावर बोटाची पेरं दोनदा वाजवली. "म्हणजे, पुन्हा सांग. आईस्क्रीम पाहिजे असलं, की दिवसभर टकटक."

आयल्साला त्याच्या बोटांकडे बघताना नियम सात साफ विसरायला झाला.

वेलिंग्टनच्या एका लहान प्रकाशन संस्थेचं पत्र आलं ते दहाव्या रविवारनंतर. आखाडा त्यांना आवडला होता. पण खेळ न्याय्य आहे का, कुठला मल्ल जास्त जिंकतो, गुपित किती वेळा फुटतं, याचा तक्ता हवा होता. तीन आठवड्यांत. त्यावर ठरणार, खेळ छापायचा की नाही.

तीन वर्षं आयल्सा या खेळात होती. बियांचे कोंब मोजताना मल्लांना नावं सुचली होती, आजारपणात नख्या सुचल्या होत्या. अनारू आल्यापासूनच्या दहा रविवारांच्या चौतीस डावांच्या नोंदी तिनं काढल्या, रेघा आखल्या आणि आकडे भरत गेली. आकडे भरता भरता तिचा चहा गार झाला.

चौतीसपैकी एकोणीस डाव तिनं स्वतः जिंकले होते. पाच माणसांत तिच्या वाट्याला फार तर सात यायला हवे होते.

आणि दुसरं. अनारूच्या ढाली. त्यानं कधीच स्वतःच्या मल्लाला जपलं नव्हतं. त्यानं जपलं होतं आयल्साच्या मल्लाला. तिच्याकडे ऊरू, आझा, फेव किंवा लीली असताना तेवीस डाव झाले होते, आणि तेवीसच्या तेवीस वेळा.

त्याला पत्ते दिसत होते!

पहिल्यांदा तिला राग आला. मग राग कुठे ठेवावा ते कळेना. लबाडी करणारा माणूस जिंकण्यासाठी करतो. हा लबाडी करून चौतीस वेळा हरला होता. असं कोण करतं? आणि तिला बोमा किंवा मोपा आला होता, त्या अकरा डावांत मात्र त्याचा नेम सहा वेळा बसला होता, पाच वेळा चुकला होता. चुकला की बोमाऐवजी मोपा, नाहीतर मोपाऐवजी बोमा. तिसरा कुणी नाही. पत्त्यांवर खुणा असतील, तर सहाही पत्त्यांवर हव्यात. चारांवर पक्क्या आणि दोघांवर कच्च्या खुणा कशा?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं प्रयोगशाळेच्या भिंगाखाली सहाही पत्ते तपासले. पाठ, कडा, कोपरे. टायरच्या नक्षीचा, ऊरूच्या नावाचा गुप्त पत्ता तर तिनं केव्हाच बदलला होता, नक्षीचा पत्ता तिच्या पाकिटात होता. (तो तिथे का होता, याची नोंद कुठेच नव्हती.) एक ओरखडा सापडेना. तिनं पेट्राला फोन केला.

"त्याला कसं कळतं, हा प्रश्न तुला पडलाय," पेट्रा म्हणाली. "तो का जपतो, हा नाही?"

"आधी कसं, मग का."

"देवा! हिला कुणीतरी पेरा रे ओल्या कागदावर."

बुधवारी शेवटच्या थांब्यावर ती बसमधून उतरली नाही. मिसेस इम्री उतरून गेल्या, बस रिकामी झाली. अनारूनं थर्मास काढला.

"आज कप आणलाय," तो म्हणाला. "दोन."

"तुला माझा पत्ता कसा कळतो?"

थर्मास तसाच राहिला.

"तेवीसपैकी तेवीस," ती म्हणाली. "बोमा-मोपात अकरापैकी सहा. मी पत्ते भिंगाखाली घातले. काही सापडलं नाही. कसं?"

सातातलं एक मिनिट गेलं.

"तुझे ओठ हलतात," तो म्हणाला.

"काय?"

"तू पत्ता उचलतेस ना... तेव्हा त्याचं नाव म्हणतेस. मनातच. पण ओठ हलतात. बाकीचे स्वतःच्या पत्त्यात बघत असतात, म्हणून कुणाला दिसत नाही. मी लहानपणापासून ओठांकडेच बघत आलोय, आयल्सा. आरशातसुद्धा. मिसेस इम्री मला रोज काय काय म्हणतात, ते तुला माहीत नाही."

छत्तीस. ती मोठ्यानं मोजत नव्हती तर.

"ऊरूला ओठ गोल होतात," तो सांगत होता. "आझाला उघडतात. फेवला दात टेकतात. पण बोमा आणि मोपा... ते ओठांवर एकसारखेच दिसतात. हानालाही नसते ओळखू आले. तिथे मी नुसता अंदाज करायचो."

अकरापैकी सहा! आयल्साच्या मनाचा एक कप्पा, सहा वर्षं कोंब मोजलेला, आनंदानं टाळी वाजवायच्या बेतात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण दुसरा कप्पा बोलू लागला होता.

"म्हणजे चौतीस डाव फुकट. सगळे. तुला दिसत होतं आणि तू सांगितलं नाहीस. माझ्याकडे अडीच आठवडे आहेत, अनारू! तीन वर्षांचं काम आहे ते."

"मला वाटलं, मी हरतोय तर कुणाचं काय बिघडतं..."

"तू हरलास म्हणून मी जिंकले! खोटंच जिंकले!"

त्याचा चेहरा पडला. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं, हे तिला स्पष्ट दिसलं, आणि त्यामुळे रागवणं आणखी अवघड झालं.

"आणि नियम सात?" तिनं विचारलं. "तो तरी कळलाय का?"

"पहिल्याच दिवशी कळला होता."

'का' हा एवढा एकच प्रश्न उरला होता, आणि तोच तिच्या तोंडून निघेना. बंदरावरून वारा आला, बसचं दार थडथडलं.

"नव्यानं बारा डाव घेते," ती शेवटी म्हणाली. "मी खेळणार नाही. तूही येऊ नकोस."

"ठीक आहे. तोंड बंद, हात लांब." त्यानं दोन्ही कप परत पिशवीत ठेवले. मग वळून म्हणाला, "कधीपर्यंत?"

ती चालत टेकडी उतरली. प्रयोगशाळेच्या काचेसमोर उभी राहून तिनं आवाज न करता म्हटलं, बोमा. मग म्हटलं, मोपा. तसूभरही फरक नव्हता. म्हणजे तो खरं बोलत होता. या एका गोष्टीनं तिला इतकं बरं का वाटावं, हा आणखी एक गोंधळ.

पुढच्या दोन रविवारी ग्रंथालयात अभ्यासाला येणारे दोन विद्यार्थी पेट्रानं धरून आणले. आयल्सा भिंतीशी उभी राहिली. विद्यार्थ्यांनी नियम चार उलटा वाचला, तिनं जीभ चावली. डाव व्यवस्थित झाले. सहाही मल्ल साधारण सारखे जिंकले. गुपितं हवी तितकीच फुटली. तक्ता स्वच्छ, सुबक, छापण्याजोगा.

आणि खेळ अळणी.

कुणाच्या लक्षात येत नव्हतं, पण तिला दिसत होतं. प्रत्येकजण आपापलं बघत होता. टेबलावर पूर्वी कुठूनतरी अचानक, कारण नसताना एक ढाल पडायची, सगळे चमकायचे, "हे कुणासाठी? का?" म्हणून भांडायचे. ते आता होत नव्हतं.

नववा डाव संपल्यावर मर्विन चहा आणायला गेला, तेव्हा डॉरिन सुया न थांबवता म्हणाली, "तो बसवाला पोरगा असताना मजा यायची हो."

"तो खेळ बिघडवत होता, डॉरिन."

"असेल. मीही बिघडवते. एकेचाळीस वर्षं झाली लग्नाला. कुठलाही खेळ असो, मी मर्विनच्या बाजूनं खेळते. गणिताचा मास्तर, त्याला अजून पत्ता नाही." तिनं टाका मोजला. "मी हरते असं तुमच्या कागदावर येतं. पण मी कुठे हरते?"

आयल्सानं वही मिटली.

त्या संध्याकाळी तिनं जुना, रद्द केलेला चौतीस डावांचा तक्ता पुन्हा काढला आणि एक नवाच रकाना आखला: समजा, अनारूला स्वतःचा मल्ल नव्हताच. समजा, ज्याला तो जपत होता तो जिंकला, तर अनारूही जिंकला. मग? ती जिंकली होती एकोणीस वेळा. एकोणीस वेळा तो तिच्याबरोबर जिंकला होता. चौतीस डावांत तिच्याखेरीज त्याच्याइतकं कुणीच जिंकलं नव्हतं.

'का' या प्रश्नाचं उत्तर इतके दिवस तिच्याच वहीत, तिच्याच अक्षरात पडून होतं.

तिनं अडतिसावा पत्ता कापला. वर लिहिलं, 'पाठीराखा'. खाली: 'तुझा मल्ल नाही. डाव सुरू होण्याआधी चिठ्ठीवर एका खेळाडूचं नाव लिही आणि चिठ्ठी पालथी ठेव. तो जिंकला, तर दोघं जिंकलात.' मग बुधवारी आठ नंबरच्या बसमध्ये चढताना ड्रायव्हरच्या समोर एक कागद ठेवला. 'रविवारी दोन वाजता. माणूस कमी आहे.' आणि तो काही बोलायच्या आत शेवटच्या बाकावर जाऊन बसली. एकाच थांब्यानंतर उतरली, कारण आरशात बघायचं धाडस तिच्यात नव्हतं.

रविवारी तो आला. चीज रोल घेऊन, पण हसू जरा बेतानं. एकच विद्यार्थी आला होता, त्यामुळे पाच बरोबर झाले. दहावा, अकरावा, बारावा डाव पाठीराख्यासकट झाले. एकदा डॉरिनला तो पत्ता आला, तिनं 'मर्विन' लिहिलं, मर्विन जिंकला आणि चिठ्ठी उघडल्यावर तो गणिताचा मास्तर बायकोकडे वळला. मग म्हणाला, "कधीपासून?" डॉरिन म्हणाली, "लग्नापासून."

"आणखी एक," मर्विन घसा साफ करत म्हणाला. "तेरा झाले की विषम संख्या येते, निकाल चांगला लागतो."

"असं काही नसतं," पेट्रा म्हणाली. "बायकोला पुन्हा बघायचंय म्हण की."

पत्ते वाटले गेले. आयल्सा भिंतीशी, वही छातीशी धरून. अनारूनं पत्ता उचलला. त्याचे ओठ हलले नाहीत. पण त्यानं पेन्सिल घेतली, चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि ती पालथी ठेवली. पाठीराखा त्याच्याकडेच होता.

मग तो विचित्रच खेळला. एक ढाल इकडे, एक तिकडे, कुणाच्याच बाजूनं नाही. डाव पेट्रानं जिंकला. आता शेवटचं काम उरलं: चिठ्ठी उघडून वाचायची.

मर्विननं ती उलटली. चष्मा पुसला. पुन्हा वाचली.

"हे काय आहे? 'आयल्सा'? अरे, ती खेळतच नाहीये!"

"माहीत आहे," अनारू म्हणाला.

"मग जिंकणार कसा तू? नियमात कुठे बसतं हे?"

"नाही बसत. मी तिच्या बाजूनं आहे, एवढंच आहे ते." तो टेबलाकडे बघून बोलत होता, आणि कान लाल झाले होते. "ती कुठे का उभी असेना."

विद्यार्थ्यानं गोंधळून विचारलं, "हे नियम सातमध्ये आहे का?"

पेट्रानं त्याच्या तोंडात चीज रोल कोंबला.

सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. आयल्सानं तोंड उघडलं.

"बोलायचं नाही!" मर्विन गरजला. "चिठ्ठीची नोंद व्हायची आहे. डाव संपलेला नाही. नोंद होईपर्यंत तोंड बंद! तुझाच तक्ता आहे, पोरी."

तोंड बंद. तीन वर्षं, तेरा डाव, उद्या सकाळी टपालात टाकायचा तक्ता. मर्विन पेन शोधत होता. पेन त्याच्या कानावर होतं आणि डॉरिन त्याला ते सांगत नव्हती.

अनारूनं मान वर केली.

आयल्सानं त्याच्याकडे बघितलं, आणि आवाज न करता, अगदी सावकाश, एकेक अक्षर ओठांवर मांडत म्हटलं, 'मीही तुझंच नाव लिहिलं असतं.'

तो हलला नाही. क्षणभर तिला भीती वाटली, की यातही एखादा बोमा आणि मोपा असेल. त्यानं भलतंच काही वाचलं असेल. मग त्याचा हात टेबलावर आला. बोटांची पेरं लाकडावर वाजली.

टक. टक.

'पुन्हा.'

आणि आयल्सानं, भिंतीवरच्या पाटीखाली उभं राहून, चिठ्ठीची नोंद व्हायच्या आत, ते पुन्हा म्हटलं. या वेळी आवाजात. चांगल्या मोठ्या आवाजात. पलीकडे ग्रंथालयात कुणीतरी "शूऽ" केलं.

सोमवारी तक्ता वेलिंग्टनला गेला. पहिले चौतीस डाव रद्द, कारणासह. नंतरचे बारा ग्राह्य. तेराव्या ओळीत तिनं तिच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'रद्द. कारण: रचणारी बोलली.'

उत्तर आलं ते बुधवारी, तीन आठवड्यांनी. टेकडीच्या माथ्यावर, बसच्या पायरीवर, अनारूनं ते मोठ्यानं वाचलं. "'पाठीराखा ठेवा. खेळ आम्ही छापतो आहोत. एकच शंका. तेराव्या डावात रचणारी काय बोलली?'" त्यानं कागद खाली घेतला. "काय कळवायचं?"

आज कप दोन होते, पण दुसरा रिकामाच होता. मिसेस इम्री, ज्यांना खरं तर मागच्या थांब्यावर उतरायचं होतं, खिडकीतून कान देऊन ऐकत होत्या.

आयल्सानं त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग अनारूकडे वळून उत्तर दिलं, नुसत्या ओठांनी.

बसच्या पत्र्यावर दोनदा टकटक झाली.